दूध पाजणाऱ्या कुत्रीला दुप्पट

फुलचूर, १२ फेब्रुवारी १९५७

प्रिय नंदलाल,

'प्रिय' लिहिताना हात अडला. पण लहानपणापासून तुला दुसरं काही लिहिलेलं नाही, म्हणून लिहिलं. बाकी या पत्रात गोड काही शोधू नकोस.

सेवकरामच्या हाती तू पाठवलेला डबा आणि चिठ्ठी दोन्ही मिळाले. सरकारी नोकरी सोडून ईश्वरदास सेठांच्या बिस्किट कारखान्यात भागीदार झालास, पुढच्या सोमवारी उद्घाटन आहे, बाईने यावंच, असं चिठ्ठीत आहे. डबा फार सुंदर आहे. वर कुत्र्याचं रंगीत चित्र. सासूबाईंनी तो माणसांच्या खाण्याचा समजून देवापुढे ठेवला होता. मी उघडला, तेव्हा बिस्किटांवर घडी घातलेलं पत्रक निघालं. खाली तुझं नाव आणि पदवी. सातवी पास झालेली तुझी बहीण ते पत्रक तीन वेळा वाचून बसली आहे.

तू लिहिलंस की गिरणीच्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कुत्र्याला ब जीवनसत्त्व मिळत नाही, कारण ते तांदळाच्या कोंड्यात असतं आणि कोंडा गिरणीत निघून जातो. मग भूक मरते, पाय लुळे पडतात, अंगावर सूज येते. पिल्लांचा आवाज बसतो, धाप लागते आणि ती एकाएकी दगावतात. आमच्या बिस्किटात तेच जीवनसत्त्व कोंड्यातून काढून घातलं आहे. आणि शेवटची ओळ ठळक अक्षरात: पिल्लांना दूध पाजणाऱ्या कुत्रीला दुप्पट द्यावे.

दुप्पट! नंदलाल, तुझ्या बहिणीला तू एकपटही दिलं नाहीस.

माहेरी चोरखमाऱ्याला आपण काय खात होतो, आठव. माय उखळात धान कांडायची, मी दुसरं मुसळ धरायची. भात लालसर, जाडाभरडा व्हायचा. तू जबलपूरला ढोरडॉक्टरीचं शिकायला गेलास, तेव्हा मी तोच तांदूळ पिशवीत भरून दिला होता. पहिल्या सुट्टीत आलास तो हसतच, की तुझ्या सोबतची पोरं त्याला गुरांचा तांदूळ म्हणतात. माझं लग्न फुलचूरला झालं, घरच्या माणसाला याच सेठांच्या तांदळाच्या गिरणीत वजनकाट्यावर काम, म्हणून आमच्या घरी दोनदा पॉलिश केलेला तांदूळ यायला लागला. मोगऱ्यासारखा. सासूबाई शेजारणींना मूठ मूठ दाखवायच्या. तूही पहिल्यांदा जेवायला आलास, तेव्हा म्हणालास, "बाई, आता तू खरी शहरातली झालीस." मलाही बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

शामकला झाली, तेव्हा मला सव्वा महिना खोलीत ठेवलं. सासूबाईंचा नेम कडक. डाळ बाधते, भाजी बाधते, दूध थंड पडते. रोज तोच पांढरा भात, मीठ आणि गरम पाणी. मला जेवण नको व्हायचं. पायांत मुंग्या यायच्या, संध्याकाळपर्यंत पावलं फुगायची. पोरगी मात्र गोरीगोमटी, भरल्या अंगाची दिसायची. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, काय बाळसं धरलंय! ते बाळसं नव्हतं, सूज होती, हे मला तुझ्या पत्रकाने सांगितलं. दीड वर्षाने.

दोन महिन्यांची झाली आणि तिचं रडणं बदललं. तोंड उघडायची, चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि आवाज नाही. घरात पोरगी रडते आहे आणि घर शांत आहे, असं तू कधी पाहिलं आहेस? सासूबाई म्हणायच्या, "कशी गरीब हाये माही नात, रडतच नाही."

त्याच भादव्यात सेठांच्या राजा कुत्र्याचं मागचं अंग लुळं पडलं. सेठ शाकाहारी, त्यामुळे तो एवढा मोठा विलायती कुत्रा पांढऱ्या भातावर आणि तुपावर होता. तू त्याला सुया टोचल्यास, कलकत्त्याहून बिस्किटांचे डबे मागवलेस, आणि आठव्या दिवशी कुत्रा अंगणात धावला. गिरणीत तुझी वाहवा झाली. त्या संध्याकाळी तू आमच्याकडे आलास, मी ताट वाढलं, आणि तू भात कालवता कालवता सगळं सांगितलंस. कोंड्यात काय असतं, पांढऱ्या तांदळात काय नसतं. मला अर्धं कळलं, पण भावाला इतकं कळतं म्हणून मी फुलून गेले होते. शामकला माझ्या मांडीवर होती. ती रडायला लागली, तशीच, बिनआवाजाची.

तुझा घास हातात राहिला. तू तिच्याकडे पाहिलंस, मग माझ्या पावलांकडे. ताट सरकवून जवळ आलास आणि माझ्या घोट्यावर अंगठा दाबलास. खळगा पडला, तो भरून आला नाही. मी विचारलं, "काय पाहून राहिला रे?" तू हात धुतलास. आमचे हे दारात उभे होते, सासूबाई चुलीशी होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं तू म्हणालास, "काही नाही. बाळंतपणाची सूज आहे, उतरेल."

त्यानंतर अकराव्या दिवशी शामकला गेली. सकाळी अंगावर पीत होती. एकदा ताठ झाली, निळी पडली, आणि संपलं. मी हाका मारल्या तेवढाच आवाज.

तू का बोलला नाहीस, ते मी दीड वर्षं विचारलं नाही, कारण बोलण्यासारखं काही होतं हेच मला ठाऊक नव्हतं. आता पत्रक वाचल्यावर यांना विचारलं, तेव्हा ते सहज म्हणाले की त्या सकाळी सेठांनी काट्याजवळच तुला सांगितलं होतं, "डॉक्टरसाब, कुत्ते की बात कुत्ते तक रखो. मिल के चावल का नाम बाजार में खराब नहीं होना चाहिए." आणि तू मान हलवली होतीस. यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांना दोन गोष्टी जुळवता आल्या नाहीत. तुला आल्या होत्या, नंदलाल. तुझ्या अंगठ्याला आल्या होत्या. बाजारात बोंब मारणार नाही असा शब्द तू सेठांना दिला असशील. पण माझ्या घरात, माझ्या कानात, "बाई, उखळातला तांदूळ खा, डाळ खा" एवढं म्हणायला कोणत्या सेठाची परवानगी लागत होती? की तू तेव्हाच या कारखान्याचं स्वप्न पाहत होतास?

तिच्यामागे माझं काय झालं, तेही ऐक. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझं दूध वाटीत काढायला लावलं आणि त्यात मुंगी सोडली. मुंगी बुडून मेली. कोणत्या दुधात मुंगी बुडत नाही? पण शेजारच्या चार बायांसमोर ठरलं की माझं दूध विषारी, मीच लेक मारली. तेव्हापासून त्यांतली नंदाबाई आपलं लेकरू माझ्या अंगणात खेळू देत नाही. हे मला मारत नाहीत, बोलतही नाहीत फारसं. तू दिवाळीला आलास, हे सगळं पाहिलंस, साडी दिलीस आणि परत गेलास.

पत्रक वाचल्यावर मी गप्प बसले नाही. यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे कुत्र्याचं हाये. माणसाले कायले लावतं? तुह्या भावानं सोता पाय पाहून सांगतलं होतं का सूज हाये म्हणून. तो शिकलेला का तू?" दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून गिरणीवर गेले आणि दोन शेर कोंडा मागितला. चौकीदार म्हणाला, "बाई, कोंढा आता विकत नाही. सारा बिस्किटाच्या कारखान्यात जाऊन राहिला." म्हणजे जे आमच्या तांदळातून काढलं, ते तू डब्यात भरलंस, आणि आम्हाला तो डबा दाखवायला बोलावतोस. घरी येऊन पाटावरवंट्याशेजारी जुनं उखळ होतं ते धुतलं. सासूबाईंनी माझ्या हातातलं मुसळ काढून घेतलं. म्हणाल्या, गिरणीतल्या माणसाची बायको धान कांडते, लोक काय म्हणतील.

उद्घाटनाला मी येणार नाही. हे सांगायला एवढं लिहिलं नसतं, सेवकरामजवळ निरोप दिला असता. मला पाचवा महिना लागला आहे. तुला कोणी कळवलं नसेल, कारण या घरात ही आनंदाची बातमी नाही. सासूबाईंनी ठरवलं आहे की या खेपेला नेम आणखी कडक, सव्वा महिना नव्हे तर तीन महिने भात आणि मीठ, आणि हेही लेकरू गेलं तर यांच्या दुसऱ्या लग्नासाठी तिरोड्याची एक मुलगी पाहून ठेवली आहे. माझं कोणी ऐकत नाही, पत्रकाचं ऐकत नाही. या घरात फक्त तुझा शब्द चालतो, आणि तुझा शेवटचा शब्द 'सूज आहे' हा आहे. तो परत घे. यांच्या नावाने पत्र लिही, पत्रकावर लिहिलंस तसंच, पदवीसकट. लिही की शामकलाला जे झालं ते पांढऱ्या तांदळाने झालं, तिच्या आईच्या दुधाने नाही. लिही की ते तुला त्या दिवशी दिसलं होतं आणि तू बोलला नाहीस. ही ओळ गाळलीस, तर बाकीच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तुला लाज वाटेल, सेठ रागावतील. वाटू दे, रागावू दे. मला तुझी माफी नको, नंदलाल. तुझी सही हवी.

अजून तुझीच,
बाई
(रुख्मिणी)