उत्तर वरच असते

७ फेब्रुवारी
बांधून होत आलेल्या नव्या घराचा नकाशा आला. उत्तरेचा बाण डावीकडे आडवा पडलेला. तीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशात उत्तर वर असते हे चौथीतल्या पोरालाही कळतं. लाल पेनाने बाण उभा केला. ड्राफ्ट्समनला शेरा देणार होते, पण निवृत्त आहे.

वन्संच्या खोलीची खिडकी कागदाच्या तळाशी. म्हणजे दक्षिण. उत्तम. वन्सं रफू करतात. शालीला भोक कुठे होतं, हे मग मालकालाही सापडत नाही. पण डोळ्यांच्या ऑपरेशनपासून तिरीप सोसत नाही, आणि दिव्याच्या उजेडात धाग्याचा रंग कळत नाही. त्यांची बहीण तिच्याकडे राहायला बोलावते आहे. "नव्या खोलीत काम जमलं तर राहीन, वहिनी. नाहीतर तिकडे जाईन," म्हणाल्या. मी म्हटलं, जशी तुमची मर्जी. माझं काही अडत नाही. सकाळचा चहा इतकी वर्षं त्यांच्याबरोबर घेते, एवढंच. सवय आहे, मोडता येते.

८ फेब्रुवारी
नकाशात डावीकडची, म्हणजे पश्चिमेची, भट्टीसारखी तापणारी खोली मी स्वतःकडे घेतली. त्याग करावा आणि गप्प बसावं. ह्यांना फक्त तीनदा सांगितलं.

१२ फेब्रुवारी
लायब्ररीतून सूर्याच्या कोनांवरचं पुस्तक आणलं. सोपं आहे. लोक उगाच इंजिनिअर होतात. दक्षिणेच्या खिडकीपुढे उन्हाळ्यातल्या दुपारी सूर्य उंच असतो, म्हणून जेमतेम छज्जाही ऊन अडवतो. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो आणि ऊब आत येते. कोनमापक घेऊन आकृती काढली. दोन फुटी छज्जा. पूर्ण उजेड, शून्य तिरीप.

शेवटचं प्रकरण पश्चिमेच्या खिडक्यांवर. ते फक्त माझ्या खोलीच्या उपयोगाचं. स्वतःसाठी मी काही करत नसते. वगळलं.

२ मार्च, सकाळी दहा
साइटवर जाऊन आले. छज्जा बसला. खिडकीत उन्हाचा टिपूस नाही. हिशोब तंतोतंत. हे म्हणाले, संध्याकाळीही एक चक्कर मारू या. कोन काढल्यावर चकरा कशाला मारायच्या?

२१ मार्च
राहायला आलो. वन्संनी खिडकीशी बैठक मांडली. दिवेलागणीच्या आधी म्हणाल्या, ऊन थेट डोळ्यांत येतंय. शांतपणे समजावलं की दक्षिणेच्या खिडकीत मावळतीचं ऊन येत नसतं, हे समोरच्या इमारतीच्या काचांवरून उलटून येतंय. हे खिडकीत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, समोर इमारत नाही, मोकळं मैदान आहे. ह्यांना लांबचं कमी दिसतं.

२५ मार्च
छज्जा आणखी दोन फूट पुढे काढला. ठेकेदार काही न बोलता पत्रा ठोकून गेला. असा माणूस हवा.

संध्याकाळी ऊन छज्ज्याखालून वाकून आत आलं. चिवट आहे.

संकल्प: उन्हापुढे हार मानायची नाही.

२ एप्रिल
आणखी दोन फूट. हे म्हणाले, आता खाली गाडी लावता येईल. दुर्लक्ष केलं.

माझ्या भट्टीत मात्र दिवसभर गारवा आणि एकसारखा उजेड. मनाची तयारी असली की शरीराला ऊन लागत नाही. वन्संना हे सांगून पाहिलं.

४ एप्रिल
वन्संच्या खोलीत आता भर दुपारी दिवा लावावा लागतो. तपकिरी शालीला त्यांनी जांभळा धागा भरला. गिऱ्हाईक शाल परत घेऊन आलं. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, धागेच हल्ली भेसळीचे येतात. त्या नुसत्या शालीकडे बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

६ एप्रिल
वन्संनी माळ्यावरची बॅग काढली. वारा द्यायला, असं मी धरून चालते. वारा देताना साड्या आत भरतात का, हे विचारलं नाही.

७ एप्रिल
बाजारातून आले तर वन्सं माझ्या खिडकीशी. मांडीवर तीच शाल. जांभळा धागा उसवून नवा भरत होत्या. म्हणाल्या, "काय सायीसारखा उजेड आहे हो तुमच्याकडे! मला इथे बसू द्याल का?"

मी बजावलं, ही पश्चिम आहे, पाचनंतर होरपळाल. बघू, म्हणाल्या. आम्ही दोघी उन्हाची वाट बघत बसलो. पाच वाजले, सहा वाजले. चहा झाला. ऊन आलं नाही. हे मोबाइलवरचं होकायंत्र घेऊन आले आणि माझ्या नाकापुढे धरलं. उत्तरेचा काटा थेट माझ्या खिडकीकडे. मोबाइल जुना आहे, मी म्हटलं. वन्संनी मान खाली घातली. खांदे हलत होते. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

८ एप्रिल
खोल्या बदलल्या. मीच सुचवलं. त्या खिडकीतल्या उन्हाचं दीर्घकाळ निरीक्षण व्हायला हवं, आणि त्याला अनुभवी माणूस लागतो. वन्संनी बॅग परत माळ्यावर टाकली. स्टूल मी धरलं.

९ एप्रिल, संध्याकाळी साडेपाच
नव्या खोलीत टेबल मांडलं. दुपारी दिवा लावून बसले होते, आत्ता काळा चष्मा लावून बसले आहे. नकाशातला लाल बाण खोडून पाहिला, कागद फाटला.

पुस्तक उद्या परत करायचं आहे. म्हणून शेवटचं प्रकरण उघडलं. पानावर इतकं ऊन होतं की एक अक्षर दिसलं नाही.