बद्द वाजणाऱ्या विटा

बोगद्याजवळची वीटभट्टी, नॉर्थॅम्प्टनशायर
१४ ऑक्टोबर १८३६

आदरणीय प्रूडन्स वन्सं,

तुम्ही पाठवलेले लोकरीचे मोजे पोचले. आम्ही खुशाल आहोत. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, त्यामुळे पाडलेल्या विटा वाळता वाळत नाहीत. जोनसभावोजी बोगद्याच्या छताला विटा बसवतात, चिखलाने माखून वर येतात आणि माझ्या पावाला नावं ठेवत अर्धा पाव फस्त करतात. तुमच्या नवऱ्याची काळजी करू नका.

एबेल दोन-तीन दिवसांत तुमच्या दारात उभा राहील. बायकोने घर बुडवलं म्हणेल. खरंच आहे ते.

झालं असं, की रेल्वेवाल्यांना विटांची घाई होती. मुकादमाने एबेलला डिवचलं, "तुझ्या भट्टीपेक्षा माझ्या म्हातारीची चूल बरी तापते." झालं, एबेल इरेला पेटला. विटा पुरत्या भाजायच्या चार दिवस आधीच त्याने भट्टी फोडून त्या बाहेर काढल्या. मी दोन विटा एकमेकींवर आपटून पाहिल्या, तर बद्द आवाज. दुसऱ्या दोन घेतल्या, तरी तेच.

"कच्च्या आहेत," मी म्हटलं.

"तू साचे भर. भाजणीतलं तुला काय कळतं?"

"वीस वर्षं भट्टीवरच आहे मी."

"मग आणखी वीस वर्षं तोंड मिटून राहा."

विटा बोगद्यात उतरल्या आणि छताला लागल्याही.

मी इंजिनियरसाहेबांकडे गेले, त्यांच्या टेबलावर वीट आपटली. तिचे तुकडे झाले. साहेबांनी काम थांबवलं. आता अकरा फूट छत उतरवताहेत. एबेलला हाकललं. जाताना त्याने विचारलं, "येतेस का?" मी नाही म्हटलं. त्या अकरा फुटांच्या विटा मीच पाडणार आहे आणि भट्टी पुरते दिवस जळेल, कुणी कितीही डिवचलं तरी. इथल्या बायका मला चहाडखोर म्हणतात. म्हणू देत.

एबेल आला की त्याला जेवू घाला. तुमचा धाकटा भाऊ आहे. वाईट नाही, हेकट आहे. पण छताखाली कोण उभं आहे, हे त्याला ठाऊक होतं.

मलाही ठाऊक होतं, वन्सं. विटा उतरल्या त्या दिवशी मी साहेबांकडे गेले नाही. नवऱ्याच्या पोटावर पाय कसा देऊ, म्हणून अख्खा दिवस गप्प बसले. भावोजी दिवसभर खाली होते. संध्याकाळी ते शीळ घालत वर आले, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी ते खाली उतरायच्या आत मी साहेबांचं दार ठोठावलं.

भावोजींना हे अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं. आज सांगणार आहे.

अजूनही म्हणवत असेल तर, तुमची भावजय,
टॅमर