हिचे मासे

१२ नोव्हेंबर २०२४

मासे जिवंत. खाद्य दोनदा टाकलं. गळ्यात माळ आणि हातात माशांचं खाद्य! आमची ही, प्रमिला, असती तर पोट धरून हसली असती. श्रावणात ती गेली आणि तिचा हा नाद माझ्या गळ्यात पडला. मागच्या अंगणात निळी टाकी, टाकीत तिलापिया, वर खडी भरलेले ट्रे. पंप माशांचं घाण पाणी खडीत चढवतो, त्यावर मेथी-पुदिना वाढतो, पाणी गाळून परत खाली. दीपनगरच्या वीज केंद्रात सगळी नोकरी पंप आणि पाणी बघण्यात गेली. निवृत्त होऊन धुळ्याला आलो तर इथेही तेच.

१ डिसेंबर

दिपमालाचा पुण्याहून फोन. मुलगी आहे, काळजी करणारच. "बाबा, एकटे काय करता तिथे? इथे खोली रिकामी आहे." म्हटलं, माशांचं काय? "बाबा, मासे!" एवढंच म्हणाली. शेवटी ठरलं — आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हिच्या नावाने पितरांची घागर भरायची आणि मग पुणं. पहिली घागर राहत्या घरातच भरायला हवी. मासे तौफिकला द्यायचे. बाजारात विकतो. पिल्लंही त्यानेच दिली होती.

सुटलो एकदाचा.

९ जानेवारी २०२५

कडाक्याची थंडी. मासे तळाशी बसून. खात नाहीत. मीही दूध पिऊन झोपलो.

१७ फेब्रुवारी

मासे वर यायला लागले. माझी चाहूल लागली की कोपऱ्यात गोळा होतात. हिच्यासाठी व्हायचे तसेच. त्यांना काय, हात दिसला की झालं.

मेथीची जुडी शेजारच्या भिकुबाईंना दिली. "माशाच्या पाण्याची ना?" म्हणाल्या. घेतली मात्र!

२६ मार्च

ऊन तापलं. टाकीवर हिरवी जाळी बांधली. शिडीवर चढलो, हे दिपमालाला सांगायचं नाही.

तौफिक बघून गेला. "काका, मस्त वजन धरलंय. पण मे लागला की काढा. हे ऊन त्यांना झेपणार नाही." म्हटलं, आखाजी झाली की ये. मग विचारतो, "काकूंची टाकीपण द्यायची का?" मी जाळीची गाठ आवळायला लागलो.

२८ एप्रिल

बेबाबाई अक्का आली. माझी थोरली बहीण. सोबत गावाहून खापर आणलंय पोळ्यांसाठी. माझी बॅग भरलेली बघून म्हणाली, "मंग, चालना का?" हो म्हटलं.

३० एप्रिल, आखाजी

घागर भरली. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया. अक्काने निखाऱ्यावर तूप-पोळीच्या घासाची आगारी टाकली, कावळ्यासाठी पान गच्चीवर ठेवलं. कावळा आला नाही. ऊन डोक्यावरून कलायला लागलं, आम्ही दोघं उपाशी. अक्का रडायला लागली. मी खोलीत येऊन बसलो.

मग अंगणातून माझ्या नावाने हाक — "नवल! खाई ऱ्हायनात, दख!"

अख्खं पान टाकीत! पोळ्या, रस, वरून तुपाचा तवंग. "कावया उना नही," अक्का म्हणाली. "तिना जीव यासनामाच व्हता." मासे तुटून पडले होते. पाणी नासेल म्हणून ओरडणार होतो. खोटं कशाला लिहू — मलाही बरं वाटलं. ती जेवली असं वाटलं.

मग आम्ही जेवलो.

१ मे

पाणी पांढरट, आंबूस वास. मासे वर येऊन तोंडं वासत होते. अर्धं पाणी बदलतोय तोच लाईट गेली, पंप बंद. तांब्याने पाणी उंचावरून ओतत बसलो, हवा मिळावी म्हणून. अक्काही दुसरा तांब्या घेऊन उन्हात उभी. लाईट आली तेव्हा सगळे उलटे झाले होते.

पेरूखाली खड्डा केला.

"बठ्ठं टाकी दिन्हं मी," अक्का म्हणत राहिली. "पोरले सांगू नको." नाही सांगणार, म्हटलं. तौफिकला फोन केला, येऊ नकोस.

रडलो. माशांसाठी! हिच्या वेळी चार लोकांत डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

४ मे

अक्का गावी गेली. टाकी घासली, भरली, पंप सुरू केला. कशाला, ठाऊक नाही. पुदिना टवटवीत आहे.

६ मे

दिपमालाचा फोन. "आखाजी झाली, बाबा. दिले ना मासे? आता निघा."

म्हटलं, नाही दिले. मी आलो तर त्यांना खायला कोण घालेल?