जीएम साहेबांची सासुरवाडी

९ जानेवारी १९९३, शनिवार

दोरीच्या उड्या मारल्या! मी! त्रेपन्नाव्या वर्षी! पोरी टाळ्या वाजवत होत्या आणि सिंधूताई मागून ओरडत होती, "कमल, गुडघा सांभाळ गं!" गुडघा आत्ता बोलतोय. बोलू दे.

डिसेंबरातल्या दंगलीत शहरात ज्यांची घरं जळली, त्यातली बरीच माणसं आमच्या टाउनशिपपलीकडच्या शाळेत येऊन राहिली आहेत. ब्लँकेटं, धान्य, कपडे— देणारे पुष्कळ. पण पोरांनी दिवसभर करायचं काय? म्हणून आम्ही महिला मंडळातल्या पाचजणी दर शनिवारी दुपारी जातो. सिंधूताईने त्याला 'खेळघर' असं नावही ठेवून टाकलंय. भातुकली, सागरगोटे, चेंडू, दोऱ्या, सगळं आमच्या माळ्यांवरचं. आमची पोरं शिकून लांब गेली, पण क्वार्टर बदलताना प्रत्येक वेळी त्यांची खेळणी मात्र आम्ही सोबत वागवली. हे म्हणायचे, "भंगारवाल्याला दे!" नाही दिली तेच बरं झालं.

एकच मुलगी खेळत नाही. नसीम. असेल आठ-नऊ वर्षांची. व्हरांड्याच्या पायरीवर बसून असते, मांडीवर चिंध्यांची बाहुली. बाहुलीचं नाव रानी. तिची एक वेणी जळालेली. जेवतानासुद्धा पोरगी तिला खाली ठेवत नाही. तिची नानी म्हणाली, "घर से हम दो निकले और ये गुड़िया. बाकी सब गया."

मी हट्टी आहे. हिला खेळायला लावलं नाही तर नाव बदलीन.

१४ जानेवारी

संक्रांत. गुळाच्या पोळ्या फुटल्या. लक्ष पोरांकडे, त्याला मी काय करू? यांनी चार खाल्ल्या आणि मग नावं ठेवली.

१६ जानेवारी, शनिवार

आजची बातमी— नसीम पायरीवरून उठली!

झालं असं की आमच्या पाचजणींतल्या कुसुमने टूम काढली, पुढच्या शनिवारी बाहुला-बाहुलीचं लग्न लावू. पोरी नाचायलाच लागल्या. पण खोक्यात सगळ्या बाहुल्याच. नवरा कुठून आणायचा? माझ्या तोंडातून निघून गेलं, "माझ्याकडे आहे एक."

म्हणजे जीएम साहेब! माझ्या अनुराधाचा बाहुला. यांच्या जुन्या पँटचा काळा कोट मीच शिवला होता त्याला. टाउनशिपमध्ये कोट घालतो तो कारखान्याचा जीएमच असणार, असा तेव्हा अनूचा समज, म्हणून नावही तेच. अनू लग्न होऊन नागपूरला गेली तेव्हापासून साहेब शोकेसमध्ये बसून आहेत. बाईला मी ते शोकेस पुसूसुद्धा देत नाही. आणि आज आपणहून बोलून बसले! कुसुम माझ्याकडे बघतच राहिली.

तेवढ्यात नसीम उठून सरळ माझ्यासमोर. कमरेवर हात.

"दूल्हा कहाँ रहता है?"

"मेरे घर में. बरखेड़ा में, क्वार्टर है."

"छत पक्की है?"

"एकदम पक्की."

"ताला लगता है?"

"लगता है ना!"

"और वो बड़े गेट पे सिपाही रहता है, वो रात को भी रहता है?"

"रात को भी, दिन को भी."

जरा विचार केला. मग म्हणाली, "ठीक है. मेरी रानी से कर दो."

हसून हसून पुरेवाट! अनूचं स्थळ बघताना आम्ही इतक्या चौकशा केल्या नव्हत्या. मुलाचा पगारसुद्धा मी यांना खालच्या आवाजात विचारायला लावला होता.

२३ जानेवारी, शनिवार

लग्न लागलं! काय लग्न लागलं!

मंत्र म्हणायचे की नाही यावर आमची आधी कुजबुज. सिंधूताई म्हणाली, "जे दोन्हीकडच्यांना चालेल तेवढंच करा." मग अंतरपाट म्हणून माझा नॅपकिन. कुसुमने सावधान, सावधान असं नुसतंच खड्या सुरात म्हटलं. तांदूळ उडाले. तिकडून नानीने विचारलं, "कबूल है?" आणि नसीमने रानीची मान तीनदा हलवली. कॅम्पमधल्या बायका ढोलक नव्हती म्हणून पत्र्याच्या डब्यावर बन्नीची, म्हणजे नवरीची गाणी म्हणत होत्या. एक आजी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली म्हणे. मला भरून आलं. पण मी वरमाय, रडून कसं चालेल? उलट जरा रुसून घेतलं, पानात सुपारी नाही म्हणून. नानीने लगेच हात जोडले, "समधन, माफ़ करो!" आणि डोळा मारला!

निघताना सिंधूताई म्हणाली, "वरात नवरीला घेतल्याशिवाय परत जाते का कधी? चल, सुनेला घे." मीही रंगात आलेली. पदर पुढे केला. नसीमने रानीच्या ओढणीच्या टोकाला साखरेची पुडी बांधली, डोक्यावरून हात फिरवला आणि रानीला माझ्या पदरात ठेवलं. रडली नाही. एक शब्द बोलली नाही.

वाजत-गाजत घरी आलो. तांदळाचं माप ओलांडून सूनबाई शोकेसमध्ये!

२४ जानेवारी

सकाळी चहा घेताना हे शोकेसकडे बघत म्हणाले, "ही त्या मुलीची ना? जळालेल्या घरातून तिने एवढीच आणली होती म्हणालीस. मग इथे काय करतेय?"

कप तसाच ठेवून शोकेसपाशी गेले.

काय केलं मी हे! सासर-माहेर, वरात, रुसवा— त्या सगळ्या हौसेत पोरीच्या हातातली एकुलती एक वस्तू उचलून आणली आम्ही. पाच शहाण्यासुरत्या बायकांनी! आणि तिला वाटलं असणार, रीतच आहे, द्यावी लागते. म्हणून बोलली नाही बिचारी.

सिंधूताईकडे धावत गेले. ती म्हणाली, "अगं, खेळ आहे. शनिवारी देऊन टाक." शनिवार कुणी पाहिलाय? उद्याच जाते.

२५ जानेवारी

शाळा रिकामी! फरशा धुतलेल्या, बाकं परत वर्गात. चौकीदार म्हणाला, "कैंप तो कल उठ गया मैडम. सब अपने-अपने घर गए." अपने घर म्हणजे कुठे? ते त्याला काय माहीत!

रानीला पिशवीत घेऊन गेले होते, तशीच परत आणली. रस्ताभर स्वतःला शिव्या दिल्या.

३० जानेवारी, शनिवार

शनिवार आणि खेळघर नाही. सिंधूताई म्हणते, आपलं काम झालं, पोरं घरी गेली ही चांगलीच गोष्ट. खरं आहे. पण मला जेवण जात नाही. शोकेसकडे पाठ करून बसते.

भाजी निवडताना एकदम आठवलं! लग्नाच्या दिवशी पोरींची चढाओढ चालली होती, कुणाच्या घरासमोर काय आहे. नसीम म्हणाली होती, "हमारे सामने बर्फ़ का कारख़ाना है. गर्मी में हम मुफ़्त में चूसते हैं."

यांना म्हटलं, उद्या शहरात जायचं. "इतक्यात नको," हे म्हणाले. डिसेंबरपासून आमच्याकडचं कुणी तिकडे गेलेलं नाही. मी म्हटलं, तुम्ही नाही आलात तर मी टेंपोने जाईन. चपला घालून दारात उभी राहून दाखवली. तयार झाले.

३१ जानेवारी, रविवार

सापडली!!

बर्फाचे कारखाने दोन निघाले. पहिल्या ठिकाणी लोक आमच्याकडे बघत राहिले आणि हे स्कूटर बंदच करेनात. दुसऱ्या गल्लीत शिरलो तर एक पोरगी किंचाळली, "खेल वाली आंटी!" मग काय, मिरवणूकच. स्कूटरपुढे दहा पोरं, मागे दहा.

एक खोली. पत्रा नवा, भिंती अजून काळ्या. नानी दारातच म्हणाली, "हम तो बाट देख रिये थे, समधन. बड़े दिन लगा दिए!" मी रानीला पुढे केलं. माफी मागायची म्हणून वाटेत हिंदी वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. तर नसीम पिशवीत डोकावून बघतेय.

"दूल्हा?"

जीएम साहेब राहिलेच घरी! नानी म्हणाली, "चौथी पे दुल्हन अकेली आती है कहीं?" आपल्या मांडवपरतणीसारखीच त्यांच्यात चौथी, जोडप्याने यायचं असतं. मी आपली गुन्हेगारासारखी मुद्देमाल परत करायला निघालेली! व्याही म्हणून मान मात्र यांना मिळाला. शेवया दोनदा घेतल्या. काल "इतक्यात नको" म्हणणारा माणूस निघायचं नाव घेईना.

नसीमने रानीला मांडीवर घेतलं, वेणी नीट केली. म्हणाली, "शनिवार तक रख लेती हूँ. दूल्हे को लेके आना." पोरं ओरडली, "दोरी भी लाना!"

आता खेळघर तिकडेच, नानीच्या अंगणात. सिंधूताईला अजून सांगायचंय. ऐकणार नाही कशी!

६ फेब्रुवारी, शनिवार

पाचहीजणी गेलो. खूप खेळलो. निघताना मी साहेबांना रानीशेजारी ठेवलं आणि नसीमला म्हटलं, "दोनों रख ले बेटा. रानी तो तेरी ही है. उस दिन गलती से ले गई थी मैं." अगदी मनापासून म्हटलं. अनूला काय सांगायचं तेही ठरवून टाकलं होतं.

तिने दोघांना उचलून माझ्या पदरात घातलं. "गलती से नहीं, आंटी. मैंने भेजी थी. आपके यहाँ आग नहीं लगती ना."

शोकेसला आजवर कुलूप नव्हतं. यांनी आत्ता पिपलानीच्या बाजारातून आणून लावलं.