एझ्राकाकांची शपथ

रवि., ३ नोव्हें., हॅम्बर्ग
पप्पांच्या सुतकाचे सात दिवस संपले. आरशांवरच्या चादरी काढल्या. मी दिसले. काही वाटलं नाही.
पप्पांना मुलगा नाही, म्हणून रोजचा कद्दिश, गेलेल्यासाठीची प्रार्थना, त्यांचे दोस्त एझ्राकाका म्हणतात. आज बुटाच्या नाड्या बांधता बांधता म्हणाले, "रिबेका, ह्या फ्लॅटच्या आनत्सालुंगला, सुरुवातीच्या रकमेला, मी पैसे दिले होते. ते परत यायचे राहिलेत गं." कागद? "आमच्यात कसला कागद!" अलिबागपासूनची दोस्ती. मी बरं म्हटलं.
फ्लॅट विकून मी येना विद्यापीठात पीएच.डी. पुरी करणार होते. स्टायपेंड संपत आलाय.

गुरु., ७ नोव्हें.
काकांनीच आमच्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे नेलं, कोर्टकचेरी नको म्हणून. रब्बी जर्मनमध्ये, अगदी सावकाश: बाप असता तर कदाचित म्हणाला असता, "मी फेडलेत." पोरक्या मुलांना ते ठाऊक नसतं, म्हणून त्यांच्या वतीनं आम्ही म्हणतो. वसूल करायचं तर तोरा, आपला धर्मग्रंथ, हातात धरून शपथ घ्या, की परत मिळाले नाहीत. मुलीनं आपणहून दिले तर चांगलंच, सक्ती नाही.
पोरकं मूल म्हणजे मी. वय एकतीस. हसू यायला हवं होतं.
काका पांढरेफटक. "खऱ्याचीसुद्धा शपथ घेतली नाही मी कधी. आमच्या घरात कुणीच नाही घेत."
रब्बी म्हणाले, मग वसुली नाही.
परतताना एस-बान लोकलमध्ये त्यांनी माझ्यासाठी जागा धरली. सुटले, असं वाटायला हवं. तेही नाही.

सोम., ११ नोव्हें.
काका खरं बोलतायत. पप्पा 'पुढच्या महिन्यात देतो' वाले, मला काय माहीत नाही? पण मी दिले तर पप्पांनी बुडवले असं मीच सांगितल्यासारखं. नाही दिले तर
जेवले नाही. भूकही नव्हती.

बुध., १३ नोव्हें.
फोन केला. "काका, शपथ राहू दे. मी देते."
"अगं, फेडले होते त्यानं. माझ्याच लक्षातून गेलं. म्हातारा झालो. ठेवतो, कद्दिशला उशीर होतोय."
खऱ्याची शपथ न घेणारा माणूस. पप्पांसाठी धडधडीत खोटं बोलला.
पप्पा गेल्यापासून आज पहिल्यांदा रडले. भांडी तशीच सिंकमध्ये.
उद्या नोटारकडे फ्लॅटच्या विक्रीची सही. काकांचा खाते नंबर विचारायचा, तर त्यांना तोंडावर खोटं पाडायचं. आणि पप्पांनी बुडवले, हेही कबूल करायचं. फोन हातात घेऊन बसलेय.