चिठ्ठीतलं कडवं

मी, प्रदोष कुंडू, घरच्यांचा बुलू, वय वर्षे एकसष्ट, राहणार घाटाकडची गल्ली, कोन्नगर, जिल्हा हुगळी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसं कामातून गेली आहेत, पण सही करायला ती लागत नाहीत. कोणाचा धाकदपटशा नाही. आता मला भिववून कोणाला काय मिळणार?

१. राहतं घर, खाली दोन खोल्या नि वर एक, माझ्या बौदीला, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोला, श्रीमती कणिका कुंडू यांना. मी लग्न केलं नाही, तेव्हा हक्क सांगायला कोणी येणार नाही. आलंच तर हाकलून द्यावं. खरं तर हा सगळा कागद मी बौदीच्या सहीसाठी मांडला. ती हकिकत सहाव्या कलमात.

२. 'भांगा बालती', म्हणजे फुटकी बादली, या आमच्या बँडचं सामान येणेप्रमाणे: गिटार, मानेला चीर गेलेली, माइक, चापट मारल्याशिवाय न बोलणारा, आणि एक खरीखुरी पत्र्याची बादली, जी ड्रम घ्यायची ऐपत नव्हती म्हणून आम्ही सहा वर्षं बडवली. गिटार आणि माइक गल्लीतल्या क्लबला. बादली हाबुलला.

३. हाबुल म्हणजे बादली वाजवणारा तपोधन सांतरा, राहणार नदीपलीकडे, पाणिहाटी. गॅसची रांग, विमा एजंट, रविवारचं मटण, असल्या विषयांवर आम्ही घसा फोडून गायचो. शेवटच्या गाण्याचं शेवटचं कडवं मात्र जागोजागी नवं असे. हाबुल दुपारभर चहाच्या टपऱ्यांवर बसून तिथल्या एखाद्या माणसाची खोड हुडकायचा, चार ओळी चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी मला मंचावरच द्यायचा. आधी वाचायची नाही, हा नियम माझाच. म्हणे गाणाऱ्यालाही तिथंच हसू फुटलं पाहिजे. मोठा शहाणा मी!

सन १९९८, दुर्गापूजेनंतरचा विजयेचा कार्यक्रम, आमच्याच गल्लीत. पहिल्या रांगेत दादा आणि बौदी. मी चिठ्ठी उघडली आणि सुरू केलं:

डब्याला रबर, छत्रीला निळं ठिगळ,
नऊची होडी गाठायची बाबूंची तळमळ.
हापिसाला कुलूप लागून वर्ष झालं,
पलीकडच्या घाटावर बाबूंनी टेबल हलवलं!

दुसऱ्या ओळीला येईपर्यंत मला दादाची छत्री ओळखू आली होती. थांबायला हवं होतं. पण लोक खिदळत होते, बादली वाजत होती, आणि पुढच्या दोन ओळी मी दुप्पट जोराने म्हटल्या. टाळ्या पडत होत्या हो! दादाही हसला. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

खाली उतरून मी हाबुलची गचांडी धरली. "वीस वेळा आमच्या घरी जेवलास, दादाला ओळखलं नाहीस?"

"ओळखलं की. रोज बघतो त्याला घाटावर. माझ्या बापाच्या दुधाच्या मापावर तू गायलास, तेव्हा काय म्हणालास? 'गाणं आहे रे, मनाला काय लावून घेतोस!' मग? आता तू नको लावून घेऊ."

बँड त्याच दिवशी मोडला. बादली त्याला एवढ्यासाठी की, तिच्यात त्याने पाणी भरून बघावं. टिकलं, तर आमची दोस्ती टिकली असं समजावं.

४. पंचवीस वर्षांनी आता हाच हाबुल निरोप धाडतो की, जुनी गाणी पुन्हा करू, हापिसाचं कडवं लोक अजून मागतात. ते कडवं कोणीही, कुठेही म्हणू नये. मूळ चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे. ती माझ्या खिशात ठेवून माझ्याबरोबर जाळावी.

५. दादाचा डबा आणि छत्री माझ्या मालकीची नाहीत, म्हणून देता येत नाहीत. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीही दादा नवाच्या होडीला निघाला. बौदीने डबा भरला. पुढची चार वर्षं, दादा जाईपर्यंत, हे असंच चाललं. फक्त डबा आता भरलेलाच परत यायचा.

६. वकील म्हणाले, घर ज्याला मिळणार त्याची साक्षीदार म्हणून सही चालत नाही. मी बौदीला म्हटलं, "घर घ्या, नाहीतर इथे सही करा. सही केलीत तर मी समजेन, मला माफ केलंत."

बौदी डाळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "बुलू, मला काय तुझ्या गाण्यातून कळलं? पहिल्याच महिन्यात कळलं होतं. डब्याच्या कडीत गंगेची माती यायची. हापिसात कुठली रे माती? मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, तेवढ्यावर त्यांच्या घशाखाली घास उतरत होता. तू तेवढंच काढून घेतलंस."

"मग सही?"

"घर दे. म्हातारीला पाठ टेकायला जागा लागते. माफीचं तुझं तू बघ."

त्यानुसार कलम १ कायम.

साक्षीदार:
१. हेरंब पाइन, शेजारी (सही)
२. डॉ. शर्वरी नियोगी (सही)

लिहून देणार: प्रदोष कुंडू (सही)
कोन्नगर, दि. २४ नोव्हेंबर २०२३