लादी की चुरा

माय, लादीच चांगली. मला कोणी विचारलं नाही, तरी सांगते. सुनेनं विचारलं होतं दुसरंच. ती नवापूरला हायवेवर मासळीचं दुकान टाकतेय, काचेचं, आत दिवे, वर नावाची पाटी. उद्घाटनाला मामाला आणि मावशीला दोघांना बोलवायचं की एकालाच, एवढंच तिचं विचारणं. "मम्मी, दोघं एका वेळी आले तर चालेल ना? नाहीतर एकाला सकाळी बोलावते, एकाला संध्याकाळी." आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, मशीन घेऊ नको, फॅक्टरीची बर्फाची लादी घे. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग तिला वाटलं म्हातारीला बर्फावरच बोलायचंय, तिनं मोबाईल काढला आणि मशीनचे फोटो दाखवायला लागली. बरं झालं. तुझा पोरगा आणि तुझी धाकटी, तू गेलीस त्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नाहीत. ते बर्फावरून. आणि त्या बर्फाला हात माझा लागला होता. हे सुनेला काय सांगायचं, कुठून सांगायचं? तुलाही कधी सांगितलं नाही. चौथीपर्यंत शिकलेली मी, कागद घेऊन बसायची सवय नाही. चुका काढू नको.

आधी बर्फाचं ऐक, कारण त्यातलं मला कळतं. सुनेच्या मोबाईलमध्ये तीन मशीनं होती. एक चौकोनी तुकडे पाडतं. एक नळीसारखे पाडतं, मधे भोक असलेले. एक पापडाच्या चुऱ्यासारखा पातळ बर्फ देतं. ती म्हणे, "हे चौकोनी काचेत किती छान दिसतात ना!" मी म्हटलं, "तुला मासळी विकायची की सोडा?" चौकोनी आणि नळीचा, हा प्यायचा बर्फ. रसवंतीला ठीक, लग्नात सरबताला ठीक. मासळीला तो नुसता कोपऱ्यावर टेकतो, मधे हवा राहते, आणि कोपरा मांसात रुततो. गिऱ्हाईक अंगठ्यानं दाबून बघतं. खड्डा दिसला की ते पुढच्या दुकानात. पापडासारखा बरा, मासळीला सगळीकडून धरतो, पण तो टिकत नाही. लाईट गेली की मशीन गप्प, आणि वैशाखात लाईट कुणाला विचारून जाते? म्हणून मांडायला चुरा आणि साठवायला लादी. लादी भाताच्या तुसात पुरायची, वरून ओलं बारदान टाकायचं, लागेल तेवढीच फोडायची. पेटीच्या खाली पाणी जायला भोक पाहिजे. मासळी बर्फात राहू दे, बर्फाच्या पाण्यात नको. हे सगळं मी एका दमात बोलले. सून हसली. म्हणे, "मम्मी, तुमचे व्हिडिओ काढून नेटवर टाकू या." काढ म्हटलं, पण डोक्यावरचा पदर नीट दिसू दे. मग ती परत तिथंच आली. "ते मामा आणि मावशीचं राहिलंच." मी उठले आणि भांडी घासायला गेले. भांडी घासलेलीच होती.

तू पहिल्यांदा बर्फ आणलास तो बाजार मला आठवतो. त्याआधी उकाई धरणाच्या पाण्यातली मासळी आपण पळसाच्या ओल्या पानांत घालून खांडबाऱ्याला न्यायचो, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत विकली नाही तर घरी आणून खारवायचो. मग कोणीतरी तुला सांगितलं, नवापूरला बर्फाची फॅक्टरी झालीय. तू ट्रकवाल्याच्या हातापाया पडून एक लादी आणलीस, बारदानात गुंडाळून, बाळंतीण बाईला आणावं तशी. मला काय आनंद! मी ती फोडली आणि सगळा बर्फ वर पसरला. कटला, रोहू, सगळं पांढरंशुभ्र, उन्हात चमकतंय. बाजारातली पोरं बघायला जमली. तू पाणी घेऊन आलीस, एकदा मासळीच्या पाटीकडे बघितलंस आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास. "बरफ डोयासले दखाडाले नही शे. पोटमा भर त्यास्ना!" मग एकेका माशाचं पोट उघडून आत बर्फ कसा दाबायचा, खाली एक थर, मधे एक थर, वर एक थर, हे तू तिथंच रस्त्यावर बसून शिकवलंस. गिऱ्हाईक उभं. तू त्याला म्हणालीस, थांब जरा, पोरगी शिकी ऱ्हायनी. ते थांबलं पण. तो धपाटा मला अजून आठवतो, आणि त्यानंतर मी वरवर सजवलेल्या मासळीवर विश्वास ठेवला नाही. सुनेच्या काचेवर पण नाही, पण ते तिचं तिनं बघावं.

माझ्या लग्नात तू भांडी दिली नाहीस, मोगरी दिलीस. खैराची, बर्फ फोडायची. नवऱ्याकडची माणसं हसली. नवरा गेला तेव्हा तीच मोगरी कामाला आली. पोरगा लहान, माझी पाटी तेवढी चालू. तुझ्या शेवटच्या वर्षात मी तुझ्याजवळच येऊन राहिले होते, ते तुला माहीत आहे. बाजार करायचा, घरी यायचं, तुला आंघोळ घालायची. भाऊ शाळेत मास्तर, गावातच. धाकटी तिकडे भरूचकडे, सासरी.

आता तो दिवस. वैशाख आहे. सकाळी तू चहा मागतेस, मी चुलीपाशी आहे, चहा गाळून वळते तर तू गेलेली. एवढंच. काही आवाज नाही, काही नाही. भाऊ स्टेशनसमोरच्या दुकानातून धाकटीच्या सासरी फोन करतो. ती म्हणते, मी निघाले, दुपारच्या पॅसेंजरनं येते, मला मायचं तोंड बघायचंय, मी आल्याशिवाय उचलू नका. भाऊ तसाच टेम्पो घेऊन नवापूरला जातो आणि चार लाद्या आणतो. चांगल्या लाद्या, मधे पोकळ नाही, पांढऱ्या नाहीत, आरपार दिसावं अशा. तेवढ्या लाद्या तुसात आणि बारदानात नीट लावल्या असत्या तर दिवस बुडेपर्यंत काही झालं नसतं. मी अंगणात मोगरी घेऊन बसते आणि पहिली लादी फोडायला लागते. भाऊ म्हणतो, "अक्का, लादी ऱ्हाऊ दे ना तशीच. फॅक्टरीवाला सांगे, फोडू नका म्हणीसन." आणि मी त्याला, चार माणसांत, मास्तर माणसाला म्हणते, "तू तुन्ही शाळा पाहा. बरफनं माले नको शिकाडू." मी चारही लाद्या फोडते. बारीक. तुझ्या खाली, दोन्ही बाजूंना, पायापाशी, चुरा भरते, वरून धोतर पांघरते.

दुपारपर्यंत सगळं पाणी झालं. खाटेखालून पाणी अंगणात गेलं, अंगणातून गटारीत, आणि कोंबड्या ते प्यायला आल्या. बायका लुगडी वर धरून बसल्या. भाऊ परत नवापूरला गेला. फॅक्टरीत सकाळपासून लाईट नाही, बर्फ जमलाच नव्हता. पॅसेंजर वेळेवर आली नाही. उन्हानं पत्रा तापलेला, आणि घरात काय व्हायला लागलं ते मी लिहीत नाही, आम्ही मासळीवाले, आम्हाला ते आधी कळतं. म्हातारा काका म्हणाला, आता थांबण्यात अर्थ नाही. भावानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. दिवस बुडायच्या आत तुला नदीवर नेलं.

लोक आंघोळी करून परत येत होते तेव्हा धाकटी आली. हातात पिशवी, चपला कुठे निघाल्या होत्या देव जाणे. तिनं रिकामी खाट भिंतीला उभी केलेली बघितली आणि भावाला धरलं. "दादा, दोन घटका थांबता नही उनं तुले? माले मायनं तोंड बी दखू नही दिनं?" भावानं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग म्हणाला, "बरफ पाणी व्हई गया." धाकटी तुझीच पोर, पाटीपाशी वाढलेली. ती म्हणाली, "चार लाद्या अर्धा दिवसमा पाणी व्हतस का? तू माले येडी समजस?" तिनं धरून ठेवलं की त्यानं घाई केली, लाद्या आणल्याच नाहीत, सुटका करून घेतली. मी तिथंच उभी होते. ओल्या अंगणात, हातभर अंतरावर. एक शब्द काढला नाही. त्यानंतर ती त्याच्या दाराची पायरी चढली नाही. त्याच्या पोराच्या लग्नाला आली नाही. राखी नाही, भाऊबीज नाही. माझ्याकडे येते, जेवते, आणि तो येणार म्हटलं की पिशवी उचलते. दोघांचे केस पांढरे झाले.

परवा सून दुकानात गेल्यावर मी भावाला फोन लावला. म्हटलं, "तू तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"मोगरीचं."

तिकडे टीव्ही चालू होता, त्यानं आवाज कमी केला. त्याला बरोबर कळलं, कोणती मोगरी, कोणता दिवस, सगळं. म्हणाला, "कसाले सांगतू? तुन्हा धंदा बरफवर. पोरगं ल्हान. मायले ठेवता नही उनं, तिन्ही मासोई कोन लेई? आसं बोलता आख्खा बाजार."

मी म्हटलं, "मग धाकटीला तरी."

"तिले सांगं म्हंजे बाजारले सांगं." मग म्हणाला, "तू माले बोलनी व्हतीस ना, तुन्ही शाळा पाहा. मी पाही ऱ्हायनू." आणि हसला, मेला. म्हणाला, ठेव आता, मन्ही सिरियल सुरू व्हयनी.

म्हणजे त्यानं माझी पाटी राखली, आणि बहीण घालवली. मी इतकी वर्षं समजत होते, तो मास्तर, त्याला बर्फातलं कळत नाही, माझी चूक त्याच्या ध्यानातच आली नाही. सोयीचं होतं तसं समजणं.

आणि मी स्वतःला सांगत आले की सवयीनं झालं. बर्फ दिसला की फोडायचा, हात तसाच वळलेला. माय, सवयीनं नाही झालं. मला माहीत होतं. पहिली लादी समोर आली तेव्हा मोगरी मी एकदा खाली ठेवली होती. लादीच टिकेल, हे मला भावाच्या आधी कळत होतं. पण तुझी पाठ मी रोज धूत होते. मणके वर आलेले, कातडी हाताखाली सरकायची, दोन ठिकाणी सोललेली, तिथं मी खोबरेल लावायचे आणि तू शिव्या द्यायचीस. त्या पाठीखाली दगडासारखी लादी घालायची, तिच्या धारेवर तुला अर्धा दिवस निजवायचं, हे मला होईना. म्हणून बारीक केला. मोठा खडा हाताला लागला तो वेचून बाजूला फेकला. मेलेल्या माणसाला टोचत नाही, हे काय मला कळत नव्हतं? कळत होतं. तरी केला. बर्फाची निवड मी एकदाच चुकले ती अशी, आणि परत तो दिवस आला तर काय करीन, मला सांगता येणार नाही.

काल सुनेला सांगितलं, मांडायला त्या पापडासारख्या बर्फाचं मशीन घे, साठवायला लादी घे, आणि मामा-मावशीला एकाच वेळेला बोलाव. खुर्च्या शेजारी. हे आधी सांगून टाकलं, म्हणजे मला मागे फिरता येऊ नये. मग धाकटीला फोन लावला. तिनं विचारलं, पापलेटचा काय भाव चाललाय. मी म्हटलं, भाव राहू दे, बस कुठंतरी. आणि सांगितलं, वर लिहिलंय तसंच, मोगरीपासून पाठीपर्यंत. भावाचंही सांगितलं.

हे कागद मी कुठे पाठवणार, तुझा पत्ता नाही. मासळी बांधायलाही देणार नाही. धाकटी काय म्हणाली ते मात्र मी लिहिणार नाही. तुला सुद्धा नाही. ते तिचं आणि माझं आहे. विचारू नको.